खांद्यावरचं बदक

फ्रेंच भाषेशी माझा संबंध बी.कॉम. होईपर्यंत आला नाही, आणि नंतर जुन्नरच्या शाखेत कांदा-टोमॅटोवाल्यांची खाती सांभाळताना तो येण्याचं काही कारण नव्हतं. पण 26 जानेवारीला दूरदर्शनवर संचलन बघताना राष्ट्रपतींच्या मागे उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या खांद्यावरून छातीवर लोंबणारी सोनेरी पिळाची दोरी दिसली आणि मी घरात विचारलं, "ही दोरी कशासाठी असते हो?"

"पडद्याची असेल," ही म्हणाली. "नाहीतरी आपल्याकडे पडद्याला दोरी आहे कुठे?"

संभाषण भलत्या वळणावर जातंय असं पाहून मी प्रश्न बँकेत नेला. आमच्या दारात दुनळी बंदूक घेऊन हवालदार उभे असतात. आंबेगाव तालुक्यातले, डिंभे धरणाच्या बाजूचे. लष्करातून निवृत्त. मिशी अशी, की कर्ज बुडवायचा विचार मनात आलेला माणूस दारातूनच हप्ता भरायला वळावा. 1999 साली हवालदार कारगिलला होते, हे आमच्या भागात शिवनेरीइतकंच जगजाहीर आहे.

"त्याला एग्विलेट म्हणतात साहेब," ते म्हणाले. "राष्ट्रपती, राज्यपाल यांचे ए.डी.सी. लावतात."

मी हे ज्ञान घरी आणलं. मुलगी पुण्याला हॉटेल मॅनेजमेंट शिकते. ती खो खो हसत सुटली. "बाबा, ते खायचं असतं! बदकाच्या छातीच्या मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या. आणि उच्चार एग्वियेत."

कोश काढला. दोघंही बरोबर. शब्दाचं मूळ सुई. टोकाला धातू बसवलेली नाडी, आपल्या बुटाच्या नाडीसारखी. एके काळी कपडे आणि चिलखत बांधायला ती वापरत. पुढे बांधायचं काम गेलं, सोनं तेवढं राहिलं. (सरकारी खात्यांत हे नेहमीच होतं.) आणि सुईसारखी लांब, निमुळती फोड दिसली म्हणून फ्रेंच आचाऱ्यानं तोच शब्द मुदपाकखान्यात नेला.

सोमवारी मी हवालदारांना म्हटलं, "अहो, तुमच्या साहेबांच्या खांद्यावर बदक लटकतंय!"

ते हसले नाहीत. सहज बोलून गेले, "ते पण खरंय. सुरी धारदार पाहिजे. लांबीच्या अंगानं कापायचं, आच मोठी, दोनच मिनिटं. जास्त ठेवलं की बुटाचं चामडं."

आणि एकदम गप्प झाले. मी बघत राहिलो. दोन मिनिटांचा हा हिशोब बंदूकवाल्याकडे कुठून आला?

"ऑफिसर मेसमध्ये होतो साहेब," ते हळूच म्हणाले. "बावीस वर्षं. गावात माहीत नाही."

लष्करात आचाऱ्यालाही आधी कवायत आणि रायफल शिकावी लागते, त्यामुळे बंदुकीचा प्रश्न नव्हता. प्रश्न मला पडला तो निराळाच. हवालदार खोटं बोलत होते का? "कारगिलला होतो" यातलं अक्षरन् अक्षर खरं. गोळ्या झाडल्या असं ते कधीच म्हणाले नाहीत. त्या गावानं आपल्या मनात झाडल्या. एकही नोंद खोटी नाही, पण ताळेबंद वाचणाऱ्याची फसगत. आमच्या कॉमर्समध्ये याला विंडो ड्रेसिंग म्हणतात.

आता या बाबतीत निवाडा देणारा मी कोण? माझं लग्न ठरताना मध्यस्थानं एवढंच सांगितलं होतं, "मुलगा बँकेत आहे." सासरेबुवांनी मला मनातल्या मनात मॅनेजर केलं आणि मी लाडू खात बसलो. चार वर्षांनी ते काम काढून शाखेत आले, तेव्हा मी काउंटरवर ओल्या स्पंजात बोट बुडवून नोटा मोजत होतो. माणूस काही बोलला नाही. फक्त त्या वर्षीपासून दिवाळीचं पाकीट पातळ झालं.

आमच्याकडच्या मासवडीतही मासा नसतो. बेसनाच्या पोळीत तीळ, सुकं खोबरं, लसूण भरायचं, वळकटी माशाच्या आकाराची करायची आणि वड्या पाडायच्या. पण तिला कोणी लबाड म्हणत नाही, कारण खाणाऱ्याला आधीच माहीत असतं. हवालदारांच्या बाबतीत खाणाऱ्याला माहीत नव्हतं, आणि मला मात्र आता माहीत झालं होतं. पंचाईत ती होती.

आणि ते माहीत झालं असतं तर गावानं काय केलं असतं? मुंबईला बदली असताना घरमालकीण बाई म्हणाल्या, "टोप गॅसवर ठेवा," तेव्हा शिवनेरीच्या पायथ्याशी वाढलेला मी दचकलोच होतो. आमच्याकडे टोप म्हणजे जिरेटोप. तिकडे टोप म्हणजे पातेलं. फ्रेंचांनाच नावं ठेवायला नकोत. डोक्यावरच्या टोपाला आपण हार घालतो, चुलीवरच्याला राखेनं घासतो.

15 ऑगस्टला हवालदारांच्या गावच्या शाळेत झेंडावंदनासाठी पाहुणे म्हणून तेच होते, आणि ओळख करून द्यायची माझ्यावर आली. आदल्या दिवशी मी विचारलं, "काय सांगू?"

"नेहमीचंच सांगा. पोरं सलाम ठोकतात साहेब. आचाऱ्याला कोण ठोकतंय?"

रात्रभर मी दोन भाषणं तयार केली. सकाळी उभा राहिलो आणि म्हणालो, "हवालदार 1999 साली कारगिलला होते." पुढं जीभ हलली नाही. टाळ्या मात्र झाल्या. म्हणजे मीही लाडूच खाल्ला.

मग मुलांना प्रश्न विचारायला सांगितलं. किती शत्रू मारले, हाच प्रश्न येणार म्हणून मी खाली बघत बसलो. चौथीतली एक मुलगी उठली. "तिथं जेवायला काय असायचं?"

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची पुढं ओढली.

"डाळ," ते म्हणाले. "पण तिथली डाळ शिजत नाही, बाळ. 15,000 फुटांवर पाणी 85 अंशांच्या आसपासच उकळतं. वरून खदखदतंय, आतून दाणा कच्चा. कुकर नसला की पोरं उपाशी..."

हेडमास्तर घड्याळ बघू लागले. जिलबीची परात व्हरांड्यात येऊन थांबली होती. हवालदार अजून कुकरच्या दुसऱ्या शिट्टीवर होते.