वाऱ्यावर आलेला आळ

ही एका वाऱ्याची गोष्ट आहे, आणि ती खरीच घडलेली आहे. वाऱ्याचे नाव अँड्र्यू. 24 ऑगस्ट 1992 च्या पहाटे तो समुद्रावरून अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण टोकावर चालून आला आणि मायामी शहराच्या खालच्या अंगाची वस्ती त्याने काही तासांत मोडून टाकली. मायामी ज्यात येते त्या एकट्या डेड काउंटीत 25 हजारांहून जास्त घरे जमीनदोस्त झाली, आणखी लाखभर घरांची पडझड झाली. माणसे पोराबाळांना घेऊन न्हाणीघरात, कपाटात, अंगावर गाद्या ओढून बसली होती. उजाडले तेव्हा अनेकांच्या डोक्यावर छप्पर नव्हते.

जो तो म्हणाला, "केवढा हा वारा!" घरे बांधून विकणारे म्हणाले, त्यांना परवाने देणारे म्हणाले, आणि ज्यांचे सगळे गेले होते तेही तेच म्हणाले. अशा वाऱ्यापुढे कोणाचे काय चालणार? वाऱ्याला आपली बाजू मांडता येत नाही, म्हणून सगळा आळ त्याच्यावर आला.

संकट अस्मानी असले की माणूस मान तुकवतो. सुलतानी असले तर जाब विचारतो. पण दोन्ही एकाच रात्री, एकाच छपरावर उतरली तर कोणाचा वाटा किती, हे ठरवायचे कसे? पडलेल्या घरासमोर नुसते उभे राहून ते कळत नाही. तिथे उभ्या राहिलेल्या बातमीदाराला रडणारी बाई दिसते, चिखलातले पोराचे दप्तर दिसते, आणि त्याने ते लिहायलाच हवे. पण त्या एका घराकडे पाहून त्याला एवढेच म्हणता येते की घर पडले.

'मायामी हेराल्ड' या दैनिकात स्टीव्ह डॉइग नावाचा बातमीदार होता. त्याला संगणकावर हिशेब मांडता येत होता. वादळानंतर सरकारी माणसांनी घरोघर फिरून नुकसानीच्या नोंदी केल्या होत्या, अशा हजारो नोंदी त्याने मिळवल्या. मग वाऱ्याचा जोर कुठे किती होता, याचा नकाशा घेतला आणि नुकसान त्यावर बसवून पाहिले. वारा दक्षिणेला सर्वांत जबर होता आणि उत्तरेकडे ओसरत गेला होता. तेव्हा नुकसानही त्याच क्रमाने ओसरायला हवे होते. ते तसे ओसरले नव्हते. वारा तुलनेने कमी असलेल्या भागातही काही वसाहती पार झोपलेल्या होत्या.

बातमी खरी इथे सुरू झाली. दुसरा एखादा "वादळ लहरी असते" म्हणून उठला असता. डॉइगने मालमत्ताकराचे दप्तर आणले. त्यात प्रत्येक घराची किंमत होती, प्रकार होता, बांधल्याचे साल होते. ते दप्तर त्याने नुकसानीच्या नोंदींना घरागणिक जोडले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळा न्याय तिच्यावर उभा आहे. जबर वाऱ्यात सापडलेले नवे घर आणि मंद वाऱ्यात राहिलेले जुने घर शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. दोन पोरांचे गुण ताडायचे तर दोघांना पेपर एकच हवा. म्हणून तुलना करायची ती सारख्याच जोराचा वारा सोसलेल्या घरांची. आकडेशास्त्रातल्या पुढच्या कितीतरी अवघड रीतींचे मूळ या साध्या न्यायबुद्धीत आहे.

अशी तुलना केली तेव्हा बांधकामाचे साल डोळ्यांत भरले. 1980 नंतर बांधलेली घरे त्याआधीच्या घरांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात राहण्याच्या लायकीची उरली नव्हती. वारा तोच, पण जुने घर उभे आणि नवे पडलेले.

मग बातमीदार पडलेल्या छपरांपाशी गेले, आणि आता कुठे पाहायचे ते त्यांना ठाऊक होते. छपराच्या प्लायवुडची फळी खालच्या लाकडी कैचीला खिळ्यांनी ठोकलेली हवी. अनेक नव्या घरांत खिळ्यांऐवजी यंत्राने भराभर मारलेल्या स्टेपल होत्या. त्यांतल्या कित्येक तर कैचीत शिरल्याच नव्हत्या. त्या तिच्या कडेला, हवेत उतरल्या होत्या. वरून पाहिले तर फळी घट्ट बसलेली दिसते, खाली तिने काहीच धरलेले नसते. वारा कडेने शिरला की एक फळी उचलली जाते, तिच्यामागे दुसरी, मग पाऊस घरात येतो आणि आधार गेलेली बाजूची भिंत कोसळते.

या भागाला 1957 पासून बांधकामाचे नियम होते आणि ते देशातल्या कडक नियमांत गणले जात. पण 1960 च्या दशकानंतर कितीतरी वर्षे मोठे वादळ तिथे थेट धडकले नाही. भीती ओसरली, तसे नियम सैल झाले, तपासनीस घाईघाईने घरे उरकू लागले. 'हेराल्ड'ने तपासणीच्या नोंदी पाहिल्या, बांधकाम व्यावसायिकांनी राजकारण्यांना दिलेल्या देणग्याही पाहिल्या, आणि डिसेंबर 1992 मध्ये सगळे नकाशांसह छापले. पुढच्या वर्षी या कामाला लोकसेवेचे पुलित्झर मिळाले.

मला त्या पारितोषिकापेक्षा मोठी वाटते ती ज्याचे घर गेले त्याच्या हाती आलेली गोष्ट. तोवर तो नशिबाला बोल लावत होता. आता त्याला एक नेमका प्रश्न विचारता येत होता: माझ्या छपराला खिळे का नव्हते? वाऱ्याला जाब विचारता येत नाही, म्हणून सगळा दोष वाऱ्याला दिला की ज्याला जाब विचारता येतो तो माणूस सुटतो.

पुढे 2002 मध्ये अमेरिकेच्या वादळतज्ज्ञांनी जुन्या मोजणीचा फेरविचार केला आणि अँड्र्यूचा दर्जा चौथ्या श्रेणीवरून पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीवर नेला. वारा समजत होते त्याहून जबर होता. त्याने डॉइगचा हिशेब खोटा ठरला नाही, कारण तो वारा किती मोठा होता यावर टेकलेलाच नव्हता. त्याच वाऱ्यात जुनी घरे तगली होती.

वादळानंतर तिथले नियम कडक झाले. छपराच्या फळ्यांना स्टेपल मारायला बंदी आली, खिळे कोणते आणि किती अंतरावर ते ठरले. खिडकीला, नाहीतर तिच्यावरच्या झडपेला, आता परीक्षा द्यावी लागते. चारेक किलो वजनाचा लाकडी वासा यंत्रातून तिच्यावर झाडतात, आणि तो आरपार गेला तर ती बांधकामाला चालत नाही.