एक नंबरचा रुपया

मोबाइलवर जुन्या नाण्यांच्या दोन अफवा फिरतात. एक म्हणते, घरातलं जुनं नाणं लाखाला जाईल. दुसरी म्हणते, घासलेलं असेल तर मोडीत घाला. आपल्या नावाने जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात पैसे उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने 2021 साली सांगितलं. दुसऱ्या अफवेबद्दल कुणी बोलत नाही. पिशोरसारख्या, 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या गावात नुकसान करते ती दुसरीच. त्या राज्याचा चारमिनार छापाचा हाली रुपया काट्यावर चढला की चांदीच्या भावात वितळतो.

सराफाला दोष देऊन उपयोग नाही. त्याची रीत जुनी आहे. झीज तेवढा बट्टा. मुघलांच्या चलनात तर नव्या सालाचा सिक्का आला की आधीच्या सालचा रुपयाही बट्ट्यात जाई. हा घोळ थांबवायला कंपनी सरकारने बंगालमध्ये शाह आलमच्या राजवटीचं 19 वं वर्षच नाण्यांवर वर्षानुवर्षं छापलं. जुनेपणाच तेव्हा खोट होता. पुढे संग्राहक आले, जुनेपणाला भाव आला आणि खोट म्हणून फक्त झीज उरली. इथवर वाद नाही.

वाद आहे तो 1949 चा. त्या साली विल्यम शेल्डन यांनी अमेरिकेतल्या तांब्याच्या जुन्या सेंटसाठी 1 ते 70 अशी प्रतवारी मांडली. 70 म्हणजे पैकीच्या पैकी आणि 1 म्हणजे नापास, असं आज सगळे धरून चालतात. मूळ हिशेब तसा नव्हता. जेमतेम ओळखू येणाऱ्या, पण मोडतोड न झालेल्या नाण्याचा भाव हे शेल्डन यांचं एकक. 1794 च्या सेंटला त्या अवस्थेत एक डॉलर येत असेल, तर कोऱ्या करकरीत सेंटला सत्तर. नाणं कोणतं, किती दुर्मीळ, हे त्या एककातच धरलेलं. पुढचा अंक निव्वळ झिजेचा. म्हणजे सारी उतरंड उभी होती ती घासलेल्या नाण्यावर. बाजारभाव बदलले, पटींचा हिशेब कोलमडला, अंक तेवढा राहिला. 1986 नंतर नाण्यांच्या सीलबंद डब्यांवर तो छापला जाऊ लागला. 1991 पासून खेळाडूंच्या कार्डांनाही तशाच डब्या आणि 1 ते 10 गुण मिळू लागले. भाव काढण्याचं साधन स्वतःच भाव होऊन बसलं.

होनस वॅग्नर या बेसबॉलपटूच्या कार्डाने त्यातला फोलपणा उघडा पाडला. 8 गुणांच्या कार्डाच्या कडा आपणच कापल्याची कबुली ते पूर्वी विकणाऱ्या लिलाववाल्याने 2013 मध्ये दिली. त्याच छापाचं 2 गुणांचं झिजलेलं कार्ड 2022 मध्ये 72.5 लाख डॉलरला गेलं.

हाली रुपयाही याच नजरेने पाहावा. चारमिनारच्या कमानीत एक अक्षर असतं: मीम असेल तर महबूब अली खान, ऐन असेल तर उस्मान अली खान. ते अक्षर आणि हिजरी साल लागलं की नाण्याची ओळख पटली. मग ते साल किती सापडतं ते बघायचं. झिजेचा नंबर सगळ्यात शेवटी. नेहमीच्या सालांना फार पैसे येणार नाहीत, हेही खरं.

माळेत ओवण्यासाठी कडी जोडलेल्या रुपयाला मात्र प्रतवारी करणाऱ्या कंपन्या अंकच देत नाहीत. शेल्डन यांच्या अटीतही तो बसत नाही. इथे मी शेल्डन यांची साथ सोडतो. हाली रुपया 1959 साली कायमचा बाद झाला. खर्चता न येणारी चांदी घरात टिकली, ती बऱ्याचदा दागिना झाली म्हणून. ज्या कडीने नाणं मुशीपासून वाचवलं, तिलाच खोट ठरवणारी प्रतवारी नाणं विकणाऱ्याच्या कामाची असेल. ज्याला ते ठेवायचं आहे, त्याने ती मानायचं कारण नाही.