प्रेक्षकाचे ऋण

एखादे जुने, देखणे गाव पाहिले की आपल्या तोंडून नकळत एक वाक्य निघून जाते : "हे असेच राहावे." वाक्य इतके निरुपद्रवी वाटते की, त्यात काही नैतिक प्रश्न दडलेला असेल अशी शंकाही कुणास येत नाही. सौंदर्य टिकावे अशी इच्छा करण्यात पाप ते कोणते? परंतु व्याकरणदृष्ट्या हे वाक्य विध्यर्थी आहे. आणि विधी आला की तो पाळावयाचा कोणी, हा प्रश्न ओघानेच येतो. सरकारी कचेरीत दहा-बारा वर्षे टिपणे लिहिण्यात घालविल्यामुळे आम्हांस एक खोड जडली आहे. कोणताही प्रस्ताव पुढे आला की त्याचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली पडावयाचा, हे प्रथम पाहावयाचे. "हे असेच राहावे" या प्रस्तावाचा खर्च कोण सोसतो, हा या लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न आमच्या मनात उत्पन्न झाला तो फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील आल्सास प्रांतात. आमचे एक मावसबंधू स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे नोकरीस असतात. परदेशगमनाच्या परवानगीचे सोपस्कार पार पाडून गेल्या वर्षी सप्टेंबरअखेर आम्ही त्यांच्याकडे आठ दिवस राहून आलो, आणि त्यांतील दोन दिवस त्यांच्या मोटारीतून या प्रांतातील द्राक्षांची गावे पाहिली. आपल्यापैकी ज्यांची मुले केंद्रीय विद्यालयात बारावीपर्यंत पोचली आहेत, त्यांस हा प्रांत अगदीच अपरिचित नसावा. इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकातील आल्फाँस दोदे यांची शेवटच्या धड्याची गोष्ट घडते ती याच भूमीत. १८७१ साली हा प्रांत जर्मनीकडे गेला, १९१८ साली फ्रान्सकडे परतला, १९४० साली पुन्हा जर्मन अमलाखाली आला आणि १९४५ साली पुन्हा फ्रेंच झाला. एकाच घरात, एकाच चुलीपाशी बसून आजीबाईंनी चार वेळा राज्य बदललेले पाहावे, असा हा मुलूख.

पश्चिमेस व्होज पर्वताची रांग आणि पूर्वेस ऱ्हाइन नदी, यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीत पर्वताच्या पायथ्याशी ही गावे वसली आहेत. पश्चिमेकडून येणारे ढग व्होज पर्वत अडवितो. त्यामुळे पलीकडच्या पट्टीत पाऊस बेताचा आणि ऊन भरपूर. सह्याद्रीच्या पूर्वेकडील नाशिकच्या द्राक्षबागा ज्याने पाहिल्या आहेत, त्यास ही निसर्गाची तऱ्हा निराळी समजावून सांगावयास नको. उत्तरेस मार्लेनहाइमपासून दक्षिणेस थानपर्यंत सुमारे १७० किलोमीटरची वाट १९५३ साली 'वाइनचा मार्ग' म्हणून प्रवाशांसाठी आखण्यात आली. विख्यात मानवसेवक आल्बर्ट श्वाइट्झर १८७५ साली ज्या कायझर्सबर्ग गावी जन्मले, ते गावही याच वाटेवर आहे.

या वाटेवरील रिकव्हीर हे गाव पाहून आमच्या तोंडूनही ते वाक्य निघालेच. चोहोबाजूंनी तट, तटाबाहेर थेट भिंतीपर्यंत येऊन भिडलेल्या द्राक्षवेली, आणि आत सोळाव्या-सतराव्या शतकांतील घरांची दाटी. ही घरे लाकडी तुळयांची चौकट उभी करून मधल्या जागेत माती-चुना भरून बांधलेली असतात, आणि त्या तुळया भिंतीवर नक्षीसारख्या उघड्या दिसतात. कुठे गेरूसारखा रंग, कुठे निळा, कुठे पिवळा; खिडक्याखिडक्यांतून लाल फुले. गल्लीच्या वरच्या टोकाला १२९१ सालचा डोल्डर नावाचा बुरूज. तोडणीचा हंगाम होता, आणि हवेत आंबूस गोड वास भरून राहिला होता. आम्ही स्वतः वाइन घेत नाही; परंतु त्या वासाने आणि उन्हाने आमचेही चित्त प्रसन्न झाले, हे कबूल करतो.

याच गावात चोरांचा बुरूज म्हणून एक जागा आहे. तिच्या आत छळाची जुनी उपकरणे मांडली आहेत. जवळच्या बेर्गहाइम गावात सोळाव्या आणि सतराव्या शतकांत चेटकिणी ठरवून मारलेल्या स्त्रियांच्या स्मृतीसाठी एक संग्रहालय आहे. देखण्या तटाच्या आत भीती राहत होती, हे त्यावरून उमगते. पण तो आमचा मुद्दा नव्हे. जुन्या वास्तूंच्या पायात रक्त सापडावयाचेच. त्यासाठी आल्साससारख्या दूरच्या प्रांतात जाण्याचे कारण नाही. आम्हांस जे खटकले ते याहून साधे होते.

रिकव्हीरहून कोलमार शहराकडे निघालो, तेव्हा चार-पाच किलोमीटरांवर बेनव्हीर नावाचे गाव लागले. आमचे बंधू म्हणाले, "हे सोडून देऊ. इथे पाहण्यासारखे काही नाही." खरोखरच नव्हते. रुंद, सरळ रस्ते. पन्नाशीच्या दशकातील साधी, भक्कम घरे. कुठे तट नाही, बुरूज नाही. तरीही पाणी घेण्याच्या निमित्ताने आम्ही थांबलो, आणि तेथे कळले की, हे गावही एके काळी रिकव्हीरसारखेच होते. १९४४ च्या डिसेंबरात कोलमारच्या परिसरात दोस्त सैन्ये आणि जर्मन सैन्य यांची जी झुंज सुरू झाली, तीत बेनव्हीर जवळजवळ संपूर्ण जमीनदोस्त झाले. मितेलव्हीर, सिगोलसहाइम आणि आमर्शव्हीर या शेजारच्या गावांचीही तीच गत झाली. १९४५ च्या फेब्रुवारीत लढाई संपली. रिकव्हीर वाचले. ते वाचले यात रिकव्हीरच्या लोकांचे काही पुण्य नव्हते, आणि बेनव्हीर गेले यात तेथील लोकांचे काही पाप नव्हते. तोफांचे तोंड कोणीकडे होते, एवढाच फरक.

लढाईनंतर बेनव्हीरच्या शेतकऱ्यांजवळ ना घर उरले, ना तळघर, ना पिंपे. त्यांनी एकत्र येऊन सहकारी तत्त्वावर वाइन करावयास सुरुवात केली. सहकार म्हणजे निरुपायातून निघालेला शहाणपणा असतो, हे मराठी माणसास सांगावयास नको. पडक्या चर्चच्या जागी त्यांनी नवे चर्च बांधले आणि त्याची एक लांबच लांब भिंत रंगीत काचांची केली. आम्ही आत गेलो तेव्हा तेथे कोणी नव्हते. दुपारचे ऊन त्या काचांतून फरशीवर उतरले होते. सिगोलसहाइमच्या टेकडीवर दीड हजारांहून अधिक सैनिक पुरलेले आहेत. त्यांत उत्तर आफ्रिकेतून आणलेले मुसलमान सैनिकही बरेच आहेत. परक्याचे गाव सोडविण्यासाठी ते आले आणि तेथेच राहिले. त्या टेकडीवरून खाली पाहिले की जुनी गावे आणि नवी गावे एकाच द्राक्षमळ्यात शेजारी शेजारी दिसतात.

आता आमचा प्रश्न असा. ज्या गावावर दैवाने कृपा केली, त्याच गावी आपण जातो, तेथेच पैसा खर्च करतो, त्याचीच छायाचित्रे घरी आणतो. आणि ज्याच्यावर दैवाने घाव घातला, त्यास "पाहण्यासारखे काही नाही" म्हणून ओलांडून जातो. १९४४ साली एकदा दंड झालेल्या गावास आपण दर वर्षी पुन्हा दंड करतो, असे यातून होत नाही काय?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो उपेक्षणीय नाही. डोळ्यांस हुकूम देता येत नाही. जे सुंदर ते पाहावेसे वाटणे हा मनुष्यस्वभाव आहे. दयेपोटी कुरूप गावे पाहत हिंडणे हा तर एक प्रकारचा दंभच होईल, आणि तो त्या गावांनाही रुचणार नाही. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. आवडण्यावर कर बसविता येत नाही. परंतु आवडणे आणि मागणे यांत भेद आहे. "हे सुंदर आहे" असे म्हणणारा केवळ प्रेक्षक असतो. "हे असेच राहावे" असे म्हणणारा मात्र मागणी करीत असतो. मागणी करणाऱ्यावर काही ऋण येते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

शासनसंस्थांनी हे ऋण काही अंशी ओळखले आहे. फ्रान्समध्ये १९१३ च्या कायद्याने ऐतिहासिक वास्तूंस संरक्षण मिळाले, आणि १९४३ च्या कायद्याने अशा वास्तूपासून ५०० मीटरांच्या आत, तिच्या दृष्टिक्षेपात येणाऱ्या बांधकामावर निर्बंध आले. संरक्षित वास्तूच्या दुरुस्तीस शासन काही साहाय्यही करते. आपल्याकडे १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती होऊन संरक्षित स्मारकाभोवतीच्या १०० मीटरांत नवे बांधकाम निषिद्ध ठरले. कायद्याने निषेध करणे सोपे. पण ज्याच्या खिडकीस निषेध झाला, त्याच्या गळक्या छपराचे काय, हे कायद्याच्या कलमात क्वचितच मावते.

याच वाटेवरील ह्युनाव्हीर गावी आम्हांस या प्रश्नाचे एक विलक्षण रूप पाहावयास मिळाले. पांढरा करकोचा हे आल्सासचे जणू कुलचिन्ह. छपरावर करकोच्याचे घरटे नसेल तर तेथील चित्र पुरे होत नाही. हा पक्षी हिवाळ्यात आफ्रिकेकडे जातो. वाटेतील विजेच्या तारा, शिकार आणि दुष्काळ यांमुळे १९७० नंतरच्या काही वर्षांत त्याच्या जेमतेम दहाच्या आत जोड्या प्रांतात उरल्या. तेव्हा १९७६ साली ह्युनाव्हीर येथे एक केंद्र निघाले. तेथे काढलेली युक्ती अशी की, पिलांना तीन वर्षे बंदिस्त जागेत ठेवावयाचे. तेवढ्या काळात त्यांची स्थलांतराची ओढ ओसरते, आणि मग सोडले तरी ती हिवाळ्यातही तेथेच राहतात. उपाय सफल झाला. आज त्या प्रांतात करकोच्यांच्या शेकडो जोड्या आहेत.

तीन वर्षे हा आकडा ऐकून बदलीच्या नोकरीतील माणसास हसू आल्यावाचून राहत नाही. आपल्याला दर तीन वर्षांनी उडावयास लावतात, आणि तेथे तीन वर्षे धरून ठेवून उडणे विसरावयास लावतात! पण हसू ओसरल्यावर मनात येते की, ज्याने ऋतुमानाप्रमाणे समुद्र ओलांडावयाचा, तो छपरावर बसून राहिला तर त्यास वाचविले असे म्हणावे की बदलले असे म्हणावे? केंद्राच्या लोकांना आम्ही दोष देत नाही. उरलेल्या पक्ष्यांसाठी दुसरा मार्ग त्यांना दिसत नव्हता. आणि त्यांनी नुसती इच्छा केली नाही, अन्न घातले, वर्षानुवर्षे खपले. म्हणून त्यांना तो अधिकार पोचतो. आम्हां प्रवाशांना छपरावरचा करकोचा हवा असतो, पण त्याच्या अन्नाची आठवण नसते.

हे सारे आम्ही इतक्या ठामपणे लिहीत आहो, त्यास एक घरगुती कारण आहे, आणि ते सांगितल्यावाचून लेख प्रामाणिक होणार नाही. राजापूरकडे आमचे वडिलोपार्जित घर आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, मंगलोरी कौले, ओटीवर शिसवी खांब. तेथे आमचे थोरले चुलतबंधू आणि काकू राहतात. दोन वर्षांपूर्वी दादांनी कौले उतरवून वर स्लॅब घालण्याचे ठरविले. ते ऐकून आम्ही दिल्लीहून त्यांना लांबलचक निरोप पाठविला : घराचे रूप बदलू नये, अशी घरे आता कुठे राहिली आहेत, वगैरे. दादांनी दूरध्वनीवर शांतपणे उत्तर दिले. "तू वर्षातून चार दिवस येतोस, तेही मे महिन्यात. माकडं कौलं फोडतात, ती बसवायला माणूस मिळत नाही. एकदा आषाढात ये, रात्रभर गळतीखाली पातेली सरकव, मग आपण घराच्या रूपाविषयी बोलू."

त्या वेळी आम्हांस दादांचा राग आला होता. बेनव्हीरच्या त्या रिकाम्या चर्चमध्ये बसलो असता तो राग ओसरला, आणि आपण आपल्याच घराचे प्रवासी झालो आहो, हे ध्यानात आले. परप्रांतात राहणाऱ्या आपणा सर्वांस हा धोका आहे. गावाकडचे सारे आपल्या आठवणीत आहे तसेच थांबलेले असावे, असे आपणांस वाटते. पण आपण स्वतः मात्र थांबलेलो नसतो. आपण शहरात नव्या घरात राहावयाचे आणि गावाने आपल्यासाठी जुन्या छपराखाली भिजावयाचे, ही वाटणी न्याय्य नव्हे.

परत आल्यावर आम्ही दादांना कळविले की, स्लॅब अवश्य घालावा. आमच्या वाट्याचा खर्च आम्ही देऊ. मात्र ओटीचे खांब ठेवता आले तर ठेवावे, आणि त्यांच्या देखभालीचा जो खर्च पडेल तो सर्वस्वी आमचा. मागणी केली, म्हणून मोल देऊ केले. आमच्या मते प्रेक्षकाचे ऋण फिटण्याचा एवढाच मार्ग आहे.

दादांनी दोन खांब ठेवले. आम्ही आभार मानले, तेव्हा म्हणाले, "तुझ्यासाठी नव्हे. आईला उठताना धरायला लागतात."