‘ते’ म्हणजे कोण?

ग्रंथातील संदिग्धता आणि चव्हाट्यावरील संदिग्धता यांना एकच नैतिक मूल्य असते काय? ग्रंथाचा वाचक तो स्वेच्छेने उघडतो व न रुचल्यास मिटून ठेवतो. रस्त्यावरील अक्षरांच्या बाबतीत वाटसरूची अशी संमती गृहीत धरता येत नाही. समीक्षेने अनेकार्थतेला गुण मानले, ते प्रामुख्याने पहिल्या वाचकाला समोर ठेवून. दुसऱ्या वाचकाचे काय, हा प्रश्न लॉस एंजेलिस येथील भित्तिचित्रकार जूडिथ बाका (जन्म १९४६) यांच्या कारकिर्दीतून ठळकपणे पुढे येतो.

बाका यांची सर्वांत ख्यात कृती ‘द ग्रेट वॉल ऑफ लॉस एंजेलिस’ ही होय. पूरनियंत्रणासाठी काँक्रीटने बांधून काढलेल्या एका प्रवाहाच्या भिंतीवर १९७६ ते १९८३ या काळातील पाच उन्हाळ्यांत, चारशेहून अधिक तरुणांच्या सहभागाने, सुमारे २,७५४ फूट लांबीचा हा चित्रपट साकारला. तीसच्या दशकात मेक्सिकन वंशीयांची झालेली हकालपट्टी, दुसऱ्या महायुद्धातील जपानी-अमेरिकनांची स्थानबद्धता, महामार्गांनी दुभंगलेल्या वस्त्या हे सारे तेथे निःसंदिग्धपणे येते. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा जो भेद आहे, त्या परिभाषेत सांगायचे तर वगळल्या गेलेल्या अनेक ‘आम्हीं’ना एका ‘आपण’मध्ये आणणारी ही भिंत आहे.

१९९३ साली बाल्डविन पार्क येथील रेल्वे स्थानकासाठी केलेल्या ‘डान्सास इंडिहेनास’ या स्मारकशिल्पात मात्र त्यांनी वेगळा मार्ग स्वीकारला. त्यावरील एका कोरीव वाक्याचा आशय असा, की ते येण्यापूर्वी येथे अधिक बरे होते. ‘ते’ कोण, हे वाक्य सांगत नाही. ज्या भूमीवर मूळ आदिवासींनंतर स्पॅनिश, त्यांच्यानंतर अँग्लो आणि पुढे पुन्हा मेक्सिकन स्थलांतरित आले, तेथे हे सर्वनाम प्रत्येकाच्या ओठी वेगळ्या शेजाऱ्याकडे बोट दाखवते.

२००५ साली स्थलांतरविरोधी गटाने हे लेखन गोऱ्यांविरुद्ध असल्याचे मानून ते हटवण्याची मागणी केली. तेव्हा बाका यांनी खुलासा केला, की हे उद्गार एका स्थानिक गोऱ्या रहिवाशाचे असून त्यांचा रोख मेक्सिकन लोकांवर होता. म्हणजे ज्यांनी स्वतःला ‘ते’ मानले, त्यांच्याच बाजूने ते वाक्य मूलतः उच्चारले गेले होते. शहराने स्मारकावरील लेखन हटवले नाही.

लेखकाचा हेतू हा कृतीच्या मूल्यमापनाचा निकष नव्हे, असे विम्सट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ साली प्रतिपादन केले. ते मान्य केल्यास बाका यांचा खुलासा अप्रस्तुत ठरेल. किंबहुना कृतीची अनेकार्थता उणावणारा ठरेल. परंतु येथे आणखी एक वाचक लक्षात घ्यावा लागतो. ज्या मेक्सिकन कुटुंबांना उद्देशून तो उद्गार काढला गेला, त्यांची नातवंडे याच स्थानकावरून कामाला जातात. ती वाक्यातील उपरोध ओळखतीलच, याची हमी कोण देणार? त्यांच्यापुरती ती जुनीच अवहेलना असू शकते, आणि ती वाचण्यास त्यांची संमती कोणीही घेतलेली नाही.

म्हणून सार्वजनिक संदिग्धता निषिद्ध ठरते असे नाही. वाचकाला स्वतःचा पूर्वग्रह दाखवण्याचे तिचे सामर्थ्य २००५ च्या वादाने सिद्धच केले. मात्र तिच्यासोबत उत्तरदायित्व येते. अर्थ मोकळा ठेवणाऱ्याने, कोणी दुखावून विचारले असता, त्याच चौकात येऊन उत्तर दिले पाहिजे. बाका यांनी ते दिले. त्यामुळे त्यांचा खुलासा हेतूची अधिकारवाणी म्हणून न वाचता कृतीच्या सार्वजनिकत्वाचाच एक भाग म्हणून वाचणे उचित ठरेल. लेखकाच्या मृत्यूचा सिद्धान्त ग्रंथालयात कितीही फलदायी असला, तरी ज्याला परक्याच्या वाटेवर अक्षरे कोरायची आहेत, त्याला त्या मृत्यूची मुभा घेता येत नाही.