सोमसूत्राच्या अलीकडे

ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठी कौपिनेश्वराच्या देवळात जे भाविक नेमाने जातात, त्यांच्या पायांना एक गोष्ट शिकवावी लागत नाही: पिंडीवरचे तीर्थ ज्या पन्हळीतून बाहेर पडते, त्या सोमसूत्रापाशी पोहोचताच पावले थबकतात आणि माणूस आल्या वाटेने माघारी वळतो. प्रदक्षिणा अर्धीच राहते, तरी ती अपुरी झाली असे कोणी म्हणत नाही. लहानपणी आजीचा हात धरून चालताना त्या पाण्याच्या रेघेपलीकडे काय आहे, असे मी विचारले, तेव्हा ‘तिथं आपलं काही काम नाही’ एवढेच उत्तर मिळाले. पुढे वाचलेल्या शास्त्रार्थापेक्षा ते मला अद्यापही अधिक सयुक्तिक वाटते.

ती रेघ मला पुन्हा आठवली ऐरोलीहून सुटलेल्या नावेत. ठाणे खाडीचा १६९० हेक्टरांचा मुलूख सरकारने २०१५ साली अधिसूचना काढून रोहित पक्ष्यांसाठी राखला आणि २०२२ साली खाडीचे नाव पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. पण कागदावरची हद्द पाण्यावर दिसत नाही, ती नावाड्याच्या हातात असते. ओहोटी लागलेली, उघड्या पडलेल्या चिखलात गुलाबी थवा चोची उलट्या बुडवून चरत होता, आणि नावाड्याने बऱ्याच अंतरावर इंजिन बंद केले. ‘नाखवा, जरा टाळ्या वाजवा की, उडाले तर फोटो झकास येईल,’ अशी एका गृहस्थांनी फर्माईश केली. ‘जेवतायत ती, साहेब,’ नाखवा म्हणाला, आणि मान वळवण्याचीही तसदी त्याने घेतली नाही.

किती जवळ जावे, हा प्रश्न पाणमांजराच्या बाबतीत अधिकच बिकट होतो, कारण ते रोहितासारखे उघड्यावर मांडलेले नसते. सिंधुदुर्गातील नद्यांत किंवा गोव्याच्या चोडण बेटाकाठच्या खारफुटीत त्याची कुटुंबे राहतात. काठच्या खडकावर ठरल्या जागी पडलेली, माशांच्या खवल्यांनी चकाकणारी त्याची विष्ठा म्हणजे त्या काठाचा सातबाराच होय, आणि ही वहिवाट आपल्या कोणत्याही दप्तरातील नोंदीहून जुनी आहे. बिळात डोळे मिटलेली पिल्ले असताना काठावर पावलांची वर्दळ वाढली, तर मादीने ती तोंडात धरून जावे कोठे? त्याच्या गोंडस रूपाचे कौतुकही त्याच्या जिवावर उठले: पाळण्याच्या हौसेपायी पिल्लांची तस्करी इतकी बोकाळली की २०१९ साली जिनिव्हात भरलेल्या वन्यजीव-व्यापारविषयक परिषदेत आपल्याकडील दोन जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला मनाई करावी लागली.

यावरून प्राण्यांना देव्हाऱ्यात बसवावे, असे मात्र मला म्हणावयाचे नाही. देवत्व बहाल केल्याने रक्षण होते, ही समजूत अंबरनाथला जाऊन तपासावी: इसवी सन १०६० च्या त्या अप्रतिम शिवालयाला लागून वाहणाऱ्या वालधुनीची आपण जी अवस्था केली आहे, ती पाहिल्यावर भक्तीविषयी बोलताना जीभ अडखळते. शिवाय देवळात मर्यादा मोडली, तर देव उपाशी राहत नाही; पाण्याकाठी मोडली, तर पाणमांजर राहते. म्हणून देवळातील संयम हा आपल्या चित्तशुद्धीपुरता, तर पाण्याकाठचा संयम दुसऱ्याच्या पोटापाण्याचा प्रश्न असतो, आणि योगसूत्रांतील पाच यमांपैकी अस्तेय, म्हणजे न दिलेले न घेणे, हे मला येथे अहिंसेइतकेच महत्त्वाचे वाटते. जनावराने आपले दर्शन दिले, तर घ्यावे. हुसकावून, दिवा पाजळून, बिळाशी वाकून जे मिळवले जाते, त्याला दुसरे नाव आहे.

दर्शन दुरून घेण्याची रीत आपल्याला परकी नाही. पंढरीला पोहोचूनही गाभाऱ्यापर्यंत न पोहोचणारा वारकरी कळसाला हात जोडून परततो, आणि वारी फुकट गेली असे त्याच्या तोंडून निघत नाही. येत्या सुटीत कोकणात किंवा गोव्यात जाल, तेव्हा नाव दूरच थांबवावयास सांगा, नाखव्याला जादा पैशांचे आमिष दाखवू नका, आणि ओल्या वाळूवर नुसती पावले उमटलेली दिसली, तर ती पाहून मागे फिरा.