बंदिवानाचे घर

बंदिवानांची भेट घ्यावी किंवा नाही, असा प्रश्न आमच्या खेडोपाडीच्या मंडळ्यांत कोणी विचारिला, तर घेऊ नये म्हणून एकही हात वर होणार नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभूने भुकेला, तान्हेला, परका, उघडा व आजारी यांच्या पंक्तीस बंदिवानही बसविला आहे, हे शब्बाथशाळेतील मूलदेखील सांगेल. परंतु या सहांपैकी पाचांकडे आम्ही जातो, आणि सहाव्याकडे जात नाही. भुकेल्यास भाकर देताना तो भुकेला का झाला, याची आम्ही फारशी चौकशी करीत नाही. बंदिवानाचे नाव निघताच मात्र ओठांवर पहिला प्रश्न येतो तो हा, की त्याने केले काय? प्रभूने त्या ठिकाणी हा प्रश्न विचारिलेला नाही. तो बंदिवान निरपराधी होता असेही तो म्हणत नाही.

या विषयावर लिहिताना आम्हांस आरंभ दोषापासून करणे प्राप्त आहे, आणि तो दोष आमचाच आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या देखरेखीखालील एका लहान मंडळीतील एका गृहस्थास मारामारीच्या गुन्ह्यावरून पोलिसांनी धरून नेले. ज्यास मार बसला तोही त्याच मंडळीचा सभासद. त्याचा उजवा हात कायमचा अधू झाला. आम्ही त्या जखमी बंधूस रुग्णालयात जाऊन भेटलो, त्याच्याकरिता वर्गणी जमविली, आणि हे योग्यच केले. दुसऱ्या घरी मात्र गेलो नाही. आपण तेथे गेलो तर जखमी बंधूचे मन दुखावेल, असे आम्ही स्वतःची समजूत घालण्याकरिता म्हणत होतो. खरे कारण इतके थोर नव्हते. आम्हांस लोकांच्या बोलण्याचे भय वाटले. पुढे चार महिन्यांनी त्या घरातील नऊ वर्षांचा मुलगा शब्बाथशाळेत दिसत नाही असे ध्यानात आले, म्हणून शिक्षिकाबाईंस विचारिले. त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, तो येत होता. ईस्टरच्या संवादात बरब्बा कोणी व्हायचं असं निघालं, तेव्हा सगळ्या मुलांनी त्याच्याकडंच बोट दाखवलं. त्या दिवसापासून आला नाही."

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. बापाचा खटला अद्याप उभा राहिला नव्हता. न्यायाधीशाने कोणासही शिक्षा दिली नव्हती. परंतु गावाने दिली होती, मंडळीने दिली होती, आणि ती त्या पोरास दिली होती.

हे एका गावापुरते असते तर येथे लिहिले नसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ सालाच्या अखेरीस या देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. जागा होती ४,३६,२६६ माणसांची. त्या माणसांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल लागलेला नाही असे. दर चार बंदिवानांमागे तिघे! आणि प्रत्येकाच्या मागे एक घर आहे. घरचा मिळवता गेला की मजुरी थांबते. मुलाखतीस जावयाचे म्हणजे जिल्ह्याच्या गावापर्यंत एस.टी.चे भाडे आणि एका दिवसाचा बुडालेला रोज. वाणी उधार देईनासा होतो. पाण्यावर गेलेल्या बाईभोवतीची बोलणी एकदम बंद पडतात. वरील घरात चार महिन्यांत तीन शेळ्या विकल्या गेल्या होत्या, आणि हे आम्हांस ठाऊक नव्हते.

यावर शास्त्र जाणणारे काही बंधु एक आक्षेप घेतात, आणि तो हलका नाही. ते म्हणतात, आखानाने चोरी केली तेव्हा त्याचे सारे घराणे नाश पावले नाही काय? दहा आज्ञांत पित्याच्या अपराधाचे शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीस होते असे सांगितले नाही काय? आमचे उत्तर असे आहे. पाप घरात शिरले म्हणजे त्याची झळ लेकरांस लागते, हे रोज डोळ्यांनी दिसते, आणि देव ते जाणतो. परंतु मनुष्यांनी न्याय कसा करावा याविषयी जेथे आज्ञा आहे, त्या अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात, बापाच्या पापाकरिता मुलास मारू नये असे स्पष्ट बजाविले आहे. आणि यहेज्केलाचा अठरावा अध्याय तर सबंध याच विषयावर आहे. काय घडते हे सांगणे निराळे, आणि ते तुम्ही घडवून आणा असे सांगणे निराळे. पावसाने शेजाऱ्याची भिंत खचते, म्हणून आम्ही कुदळ घेऊन तिकडे जावे काय?

या महाराष्ट्रात तर हे धडे आम्ही विसरता कामा नये. १८७१ साली सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यासही लागू झाला, आणि काही जातींत जन्मास येणे हाच गुन्हा ठरला. सोलापुरास या लोकांची तारेच्या कुंपणातली वसाहत होती, आणि तिचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. तेथे शिक्षण मिळाले, उद्योग मिळाला, हे आम्ही नाकारीत नाही. पण कुंपणही होते, हजेरीही होती. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, आणि त्या जमाती विमुक्त झाल्या. बापाचा डाग लेकराच्या कपाळी लावण्याच्या व्यवस्थेत आमच्यासारख्यांचाही हात एकदा लागलेला आहे, ही गोष्ट इतिहासात आहे. ती झाकण्यात लाभ नाही.

मग जखमी बंधूचे काय? खरी अडचण येथे आहे, आणि तुरुंगसेवेवर जी उत्साहाची भाषणे होतात ती बहुधा येथे गप्प बसतात. शहरात बंदिवान एका टोकास आणि फिर्यादी दुसऱ्या टोकास राहत असेल. आमच्याकडे दोघे एकाच चटईवर बसून एकाच पुस्तकातून गीत गातात. बंदिवानाच्या घरी धान्य पोचले की जखमीच्या दारावरूनच पोचते. अशा वेळी बंदिवानाविषयीची दया ही जखमीचा अपमान ठरू शकते, आणि पुष्कळदा ठरतेही; कारण दया करणारे हलकेच बोलू लागतात की, झाले ते झाले, तोही काही वाईट मनुष्य नव्हता. असे बोलण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? ज्याचा हात गेला त्याच्या वतीने क्षमा करणे हे आमचे काम नव्हे. म्हणून आमचे मत असे झाले आहे की, प्रथम जखमीच्या घरी जावे, आणि केवळ एकदा नव्हे. मग त्यास उघड सांगून दुसऱ्या घरी जावे. परवानगी मागू नये, कारण तो नको म्हणाला तर लेकरे उपाशी ठेवावयाची काय? परंतु चोरून जाऊ नये. आम्ही उशिरा का होईना, असे केले. तो बंधु बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पोरांचा काय गुन्हा? जा तुम्ही. पण माझ्या हातून काही द्यायला सांगू नका." आम्ही सांगितले नाही. त्याहून अधिक मागणे हा त्याजवर जुलूम झाला असता.

आता जामिनाविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण आमच्या उपदेशकांस हाच प्रश्न वारंवार घातला जातो. न्यायालय जामीन मंजूर करते. परंतु जामीनदार पाहिजे, आणि जामीनदारापाशी सात-बाराचा उतारा किंवा पगाराचा दाखला पाहिजे. भूमिहीनाने तो आणावा कोठून? म्हणून न्यायाधीशाने सोडा म्हटल्यावरही मनुष्य आतच राहतो. हे दुःख जुने आहे. १७७३ साली इंग्लंडात बेडफर्ड परगण्याचे शेरीफ झालेले जॉन हॉवर्ड हे भाविक गृहस्थ तुरुंग पाहावयास गेले, तेव्हा त्यांस निर्दोष ठरलेली माणसेही कोंडलेली आढळली, कारण तुरुंगाधिकाऱ्याची फी देण्यास त्यांजपाशी पैसे नव्हते. आमच्याच देशात १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. खालच्या न्यायाधीशाने दहा हजारांचा जामीन मागितला, आणि भाऊ जामीन राहण्यास तयार असता त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारिला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक शब्द लिहून एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्यास सोडविले.

मग मंडळीने जामीन राहावे काय? नीतिसूत्रे परक्यास जामीन राहणाऱ्यास मूर्ख ठरवितात. उलटपक्षी यहूदा आपल्या धाकट्या भावाकरिता, बन्यामीनाकरिता, बापापाशी जामीन राहिला. आणि पौलाने अनेसिमाचे जे काही देणे असेल ते आपल्या नावे लिहून ठेवण्यास फिलेमोनास कळविले. आम्हांस दोन्ही खरे वाटते. मंडळीच्या पेटीतील पैसा हा विधवांचा व गरिबांचा आहे. तो अशा कामी गुंतवू नये. आरोपी तारखेस हजर न झाल्यास जामीनदाराची रक्कम जप्त होते, हे पाळकाने आधी समजावून सांगावे. हे सर्व समजून एखादा बंधु स्वतःच्या उताऱ्यावर सही करील तर त्यास अडवू नये. यहूदानेही बापास आपलाच जीव गहाण दिला होता, घराण्याची थैली नव्हे.

परंतु सहीपूर्वी पुष्कळ करता येते, आणि ते न करण्यास सबब नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोठडीत असलेल्या प्रत्येक मनुष्यास फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे, मग त्याची मिळकत काहीही असो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनीनेही विचारता येते. २०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवून दिले की, जामीन मंजूर होऊन महिन्यात जामीनदार न मिळाल्यास न्यायालयाने आपण होऊन अट शिथिल करण्याचा विचार करावा. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब बंदिवानांकरिता जामिनास चाळीस हजार रुपयांपर्यंत व दंडास पंचवीस हजारांपर्यंत साहाय्याची योजना काढिली. यांतले एकही आमच्या उपदेशकवर्गात कोणी शिकवीत नाही. आम्हांस धर्मशाळेत ग्रीक धातू पाठ करावयास लाविले, आणि त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहो. पण त्या कचेरीचा दरवाजा कोणत्या बाजूस आहे हे आम्हांस चाळिशी उलटल्यावर कळले.

तेव्हा मंडळीस तुरुंगसेवेचे शिक्षण द्यावयाचे ते तुरुंगाच्या फाटकापासून देऊ नये, गावातील त्या एका घरापासून द्यावे असे आम्हांस वाटते. अधीक्षकांची परवानगी काढणे, आत चिठ्ठी वा वस्तु न नेणे, स्त्री-बंदिवानांकडे भगिनींनीच जाणे, सुटकेचे खोटे आश्वासन न देणे, मदतीच्या बदल्यात धर्माची गोष्ट न काढणे, हे नियम एका बैठकीत शिकविता येतात. घरी कसे जावे हे शिकविण्यास वेळ लागतो. पहिल्या भेटीत खटल्याचे काही विचारू नये. पीठ, तेल, शाळेची वही यांकडे पाहावे. मुलाखतीच्या दिवशी बाईसोबत कोणी जाणते जावे, आणि धाकट्या लेकरांस त्या दिवशी कोणी सांभाळावे.

आणि एक गोष्ट आम्ही कठोरपणे सांगतो. त्या घराचे नाव बुधवारच्या प्रार्थनेत घेण्यापूर्वी त्या घरास विचारावे. आमच्या मंडळ्यांत चहाडी उघड तोंडाने करावयास लाज वाटते, म्हणून ती पुष्कळदा डोळे मिटून, हात जोडून केली जाते.

लेकरास काय सांगावे? बहुतेक आया सांगतात की बाप मुंबईस कामास गेला आहे. आम्ही त्यांस दोष देत नाही. पण गावात ही गोष्ट आठ दिवस टिकत नाही, आणि शाळेतल्या मुलाकडून खरे कळले म्हणजे लेकरू आईचेही खरे मानीत नाही. आम्ही एका मातेस सुचविले की, वयाप्रमाणे थोडे पण खरे सांगावे: बाप कोठे आहे, का नेला आहे, आणि तो तुझा बापच आहे. ती रडली, पण तिने सांगितले. मुलाने एवढेच विचारले की, तिथे त्यांना जेवायला देतात का.

पौलाने अनेसिफराविषयी लिहिताना तो आपल्या बेड्यांची लाज न धरिता शोध करीत आला असे म्हटले आहे. पाठ घेणारे येथेच थांबतात. त्याच ठिकाणी पौल त्याच्या घराण्याकरिताही प्रार्थना करितो, हे आम्ही स्वतः फार उशिरा पाहिले. भेटीस जाणाऱ्याचे घर ज्यास आठवले, त्या बंदिवानास स्वतःचे घर किती आठवत असेल!

ज्या गृहस्थाविषयी वर लिहिले तो सध्या जामिनावर सुटलेला आहे. खटला चालू आहे. निकाल काय लागेल त्याविषयी आम्ही येथे काही लिहीत नाही. तो उपासनेस येतो आणि दारापाशी बसतो. जखमी बंधु पुढे बसतो. दोघे बोलत नाहीत, आणि आम्ही त्यांस बोलावयास लावीत नाही. मुलगा शब्बाथशाळेत पुन्हा येऊ लागला आहे. यंदाच्या ईस्टरच्या संवादात त्याने कोणाचेही सोंग घेतले नाही. तो पेटी वाजविणाऱ्यापाशी बसून होता. बरब्बाचे काम शिक्षिकाबाईंनी कोणाही मुलास दिले नाही. तेवढा भाग त्यांनी स्वतः उभे राहून वाचून दाखविला.