समाधान कोणी मानायचं?



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय ४, श्लोक २२.

न मागता, आपसूक जे मिळेल त्यात जो संतुष्ट राहतो, सुखदुःखाच्या द्वंद्वापलीकडे गेलेला असतो, कुणाचा मत्सर करत नाही, काम सिद्धीस जावो न जावो सारखाच राहतो, तो कर्म करूनही बांधला जात नाही, असा साधारण अर्थ. आपण क्रमाने वाचतोय म्हणून आज हा आला. नाहीतर मी निवडला नसता, कारण परवाच मी याचा गैरवापर करून बसलोय.

परवा पालख्या पुण्याहून निघाल्या. हडपसरला गाडीतळाशी वाटा वेगळ्या होतात. माऊली सासवडच्या रस्त्याला लागतात आणि तुकोबा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे. आईला एकदा तिथे उभं राहून माऊलींचा रथ डोळे भरून बघायचा होता. दरवर्षी टीव्हीवर बघते. गुडघ्यांमुळे एकटी जाऊ शकत नाही. यंदा मीच म्हटलं, सगळे जाऊ. सकाळी सहाला निघायचं ठरलं.

निघालो सव्वादहाला. ऑफिसचा एक कॉल संपता संपेना. रजा टाकता आली असती. टाकली नाही.

गाडी बरीच अलीकडे लावावी लागली. तिथून पायी, आईचा हात धरून, थांबत थांबत. पोहोचलो तेव्हा रथ केव्हाच पुढे गेला होता. मागे राहिलेल्या एक-दोन दिंड्या, सामानाचे ट्रक, पाण्याचे टँकर, रस्ताभर केळ्याच्या साली. नऊवारी नेसून आलेल्या लेकीने फुगडीसाठी हट्ट धरला आणि मग भोकाड पसरलं. आईने रिकाम्या रस्त्याच्या दिशेने हात जोडले आणि एवढंच म्हणाली, "हुकलं की रे."

मी लगेच सुरू झालो. "अगं, जे मिळालं त्यात समाधान मानावं. माऊली काय रथातच आहेत का? गीतेत पण हेच सांगितलंय." आई काही बोलली नाही. गाडीत बसल्यावर मात्र मीच सगळ्यांचे स्टेटस बघत होतो. कुणाला रथाजवळचा फोटो मिळाला, कुणी रिंगण करून नाचलं. आतून जळत होतो. म्हणजे याच श्लोकातलं 'विमत्सर' तासाभरातच गळून पडलं होतं.

आज श्लोक नीट वाचताना लक्षात आलं, यात दुसऱ्याला समाधान मानायला लावणं कुठेच नाही. वर्णन आहे ते कर्म करणाऱ्याचं. आपल्या वाटचं काम करून झाल्यावर जे येईल ते त्याने गोड मानायचं. मी माझ्या वाटचं काम, म्हणजे वेळेवर निघणं, केलंच नव्हतं. ते राहिलं आणि त्याचं फळ गोड मानायची जबाबदारी मात्र आईवर टाकली. वर गीतेचा शिक्का!

ज्ञानेश्वरीत या जागी माऊली म्हणतात की अशा पुरुषाला आपलं आणि परकं हे दोन्ही ठाऊकच नसतं. मला दोन्ही पक्कं ठाऊक होतं. कॉल माझा होता, हुकलेलं दर्शन आईचं होतं. आपल्याकडे घरोघरी असंच चालतं, नाही का? चूक करणारा उपदेश करतो आणि जिचं नुकसान झालं तिने तो ऐकून घ्यायचा.

(प्रसंगी नाइलाजाने काही हुकतं, तिथे हा श्लोक खराच आधार आहे. पाऊस, आजारपण, गर्दी. पण परवा तसलं काहीच नव्हतं.)

आज सकाळी पूजा झाल्यावर आईपाशी बसलो आणि म्हटलं, "परवा उशीर माझ्यामुळे झाला."

आई वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "माहितीये की. तू बोलत होतास तेव्हा मी चपला घालूनच बसले होते."